शिकारीचे तिकीट आणि संग्राहकाची वही

साहित्याला वाहिलेल्या मासिकात छंदाची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहणे साहजिक आहे. परंतु संग्रह करणे हेही एक प्रकारचे वाचनच होय. संग्राहक काय निवडतो, काय टाकून देतो, निवडलेले कोणत्या क्रमाने लावतो आणि त्यातील कशाला मोल देतो, यावरून त्याची अभिरुची कळते, तशीच त्याची इतिहासदृष्टीही कळते. ज्या न्यायाने आपण ग्रंथाचे परीक्षण करतो त्याच न्यायाने छंदाचेही करावयास म्हणूनच हरकत नसावी. प्रस्तुत लेखात शिकारीच्या परवान्याची तिकिटे जमविण्याच्या छंदाचा असा विचार योजिला आहे. हा छंद वाढला अमेरिकेत. तथापि त्याच्या पोटात जे प्रश्न दडलेले आहेत ते पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या इतके उंबरठ्याशी आलेले आहेत, की त्यांना परके म्हणण्याची सोय उरलेली नाही.

प्रथम तिकिटातिकिटांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. मध्यमवर्गीय घरातील मुलाच्या वहीत जी तिकिटे चिकटविलेली असतात ती बहुधा टपालाची. टपालाचे तिकीट म्हणजे वाहतुकीची मजुरी. पत्र पोचविण्याबद्दल सरकारला दिलेला मोबदला. दुसरी जात महसुली तिकिटांची. पावतीवरचे रेव्हेन्यू तिकीट किंवा अर्जावरचे कोर्ट-फी तिकीट या जातीचे. येथे सरकार आपल्यासाठी कोणतेही ओझे वाहत नाही. ते केवळ एखाद्या कृत्याला मान्यता देते आणि त्या मान्यतेची किंमत घेते. ही कल्पना आपल्या मुलखाला नवी नाही. जुन्नरहून कोकणात उतरताना नाणेघाटाच्या माथ्यावर जो मोठा दगडी रांजण दिसतो तो जकातीचा होता, असे त्या भागात परंपरेने सांगतात. सातवाहनकालीन लेण्याच्या शेजारचा तो रांजण आणि आजचे महसुली तिकीट यांच्यामागचे तत्त्व एकच: वाट मोकळी आहे, परंतु दाम देणाऱ्याला. शिकारीचे तिकीट याच कुळातले. फरक इतकाच की त्यात ज्याची मान्यता विकत घ्यावयाची ते कृत्य म्हणजे एका जिवाचा वध होय. या छंदाचे परीक्षण करताना ही गोष्ट डोळ्याआड करून चालणार नाही.

या तिकिटांतील सर्वांत प्रसिद्ध मालिका अमेरिकेतील बदक-तिकिटांची. १९३४ मध्ये तेथे कायदा झाला, की सोळा वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या ज्या कोणास स्थलांतरी बदकांची व हंसकुळातील पाखरांची शिकार करावयाची असेल त्याने दरवर्षी एक डॉलरचे तिकीट विकत घेतले पाहिजे. पाणथळ जमिनी शेतीसाठी कोरड्या करण्याचा सपाटा आणि पाठोपाठ आलेला दुष्काळ यांमुळे पाखरांची संख्या त्या काळी झपाट्याने घटली होती. पहिल्या तिकिटाचे चित्र डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढले. हे गृहस्थ त्याच सुमारास वन्यजीवविषयक सरकारी खात्याचे प्रमुख झाले होते. पहिल्या वर्षी ६,३५,००१ तिकिटे खपली. पुढे दर वाढत जाऊन २०१५ पासून तो पंचवीस डॉलर झाला. या उत्पन्नातील शेकडा ९८ भाग पाणथळ भूमी विकत वा भाडेपट्ट्याने घेऊन राखण्याकडे जातो, आणि अशा रीतीने साठ लाख एकरांहून अधिक भूमी आजवर राखली गेली आहे. शिकार न करणारे पक्षीनिरीक्षक आणि संग्राहकही हे तिकीट आवडीने घेतात. छंदाच्या पैशाने पाखरांचे पाणी टिकावे, ही गोष्ट निःसंशय अभिनंदनीय आहे.

चित्रकलेच्या दृष्टीने मात्र या मालिकेकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. डार्लिंगच्या चित्रात मॅलार्ड जातीची दोन बदके पाण्यावर उतरत आहेत. रेषा भरभर ओढलेल्या, रंग एकच निळा; पण पंख आवरून पाय पुढे टाकण्याचा तो क्षण चित्रकाराने अचूक पकडला आहे. १९४९ पासून या तिकिटाच्या चित्राची स्पर्धा सर्वांस खुली झाली. पुढे रंग आले, पिसापिसाचा तपशील आला, छपाई सुधारली. मात्र जसजशी कारागिरी वाढली तसतसे चित्र स्थिर झाले, असे आमचे मत आहे. नंतरच्या कित्येक तिकिटांतील पाखरू जणू छायाचित्रासाठी बसविलेले वाटते. या सबंध मालिकेतले एक लक्षण तर विशेष अर्थपूर्ण आहे. ज्या कृत्यासाठी तिकीट काढावयाचे ते कृत्य चित्रात जवळजवळ कोठेही नाही. पाखरू सुखाने पोहत आहे, उडत आहे, पिलांसह फिरत आहे. बंदुकीची त्याला वार्ताही नाही. १९५९ च्या तिकिटात मेनार्ड रीस यांनी तोंडात मेलेले बदक धरलेला शिकारी कुत्रा काढला, तो अपवाद म्हणूनच लक्षात राहतो. २०२० मध्ये तेथील सरकारने असा नियम केला, की स्पर्धेच्या चित्रात शिकारीच्या परंपरेची काही खूण असलीच पाहिजे. चित्रकारांना ही सक्ती रुचली नाही आणि २०२१ मध्ये नियम मागे घेण्यात आला. वादात कोणाची बाजू बरोबर होती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सक्तीने कला साधत नाही हे खरे. परंतु त्या नियमाच्या निमित्ताने एक झाकलेली गोष्ट उघडी पडली, हेही खरे. तिकीट सुंदर होते ते ज्याची किंमत घेतली जाते त्या गोष्टीविषयी मौन पाळून.

या छंदाची दुसरी विसंगती सहीची आहे. कायद्याप्रमाणे शिकाऱ्याने तिकिटाच्या दर्शनी भागावर शाईने सही केली पाहिजे; एरवी ते रानात ग्राह्य होत नाही. संग्राहकाला मात्र सही नसलेले, कोरे, मागील गोंद शाबूत असलेले तिकीट हवे असते, आणि सही असलेल्या तिकिटाला बाजारात भाव कमी येतो. म्हणजे ज्या सहीने तिकिटाला जीव येतो तीच सही संग्राहकाच्या लेखी डाग ठरते. जे तिकीट थंडीत कुडकुडत तळ्याकाठी गेले, कोणाच्या तरी खिशात भिजले, ज्याच्या आधाराने कोणी तरी बार काढला, त्या तिकिटाचा चरित्रभाग वहीत नकोसा होतो. वापरलेल्या वस्तूपेक्षा न वापरलेलीला अधिक मान देणारी ही अभिरुची टपालाच्या तिकिटांच्या बाबतीत फारशी बाधक होत नाही. शिकारीच्या तिकिटाच्या बाबतीत मात्र ती इतिहासच पुसून टाकते.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे शिकारीसाठी असे चित्रमय तिकीट रूढ झाले नाही. आपला शिकारपरवाना म्हणजे कचेरीतील कागद: छापील मजकूर, त्यात बोरूने किंवा टाकाने भरलेल्या रिकाम्या जागा, शिक्का, सही, आणि अर्जावर लावलेले कोर्ट-फी तिकीट. वन्य प्राण्यांची चित्रे आली ती टपालाच्या तिकिटांवर, आणि तीही संरक्षणाचा विचार रुजू लागल्यावर. १९६३ च्या मालिकेत गवा, हत्ती, वाघ, सिंह आले. १९७६ च्या मालिकेत बिबट्या आला. अमेरिकेत चित्र आणि परवाना एका कागदावर नांदले. आपल्याकडे चित्र एका खात्यात आणि परवाना दुसऱ्या खात्यात राहिला. त्यामुळे टपालाचा बिबट्या मुलांच्या वहीत पोचला, आणि परवान्याचा कागद वाड्याच्या फडताळात पडून पुढे रद्दीत गेला.

या रद्दीत काय गेले, हे कळण्यासाठी कायद्यांची परंपरा थोडक्यात सांगितली पाहिजे. १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या वनकायद्याने राखीव जंगलातील शिकार सरकारी नियमांखाली आली. १९१२ च्या वन्य पशु-पक्षी संरक्षण कायद्याने ठरावीक पशुपक्ष्यांसाठी बंदीचा हंगाम नेमण्याची तरतूद केली. त्या कायद्याच्या यादीत माळढोक आहे, बदके आहेत, मोर आहे, हरणे आहेत, ससा देखील आहे. वाघ आणि बिबट्या मात्र नाहीत. त्यांना बंदीचा हंगाम तर नव्हताच, उलट इंग्रजी अमदानीत ठिकठिकाणी त्यांना मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळे. १९५१ मध्ये मुंबई राज्याने या विषयावर स्वतंत्र कायदा करून परवान्यांची व्यवस्था लावली. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्यातही आरंभी विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार असे परवान्यांचे प्रकार होते, आणि परवानाधारकाने मारलेल्या जनावरांची नोंद ठेवावी असे कलम होते. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने गेले आणि नोंदीचे ते कलमही गेले. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु जे कागद तोवर निघाले होते ते आता पुन्हा कधीही निघणार नाहीत. त्यांची संख्या यापुढे फक्त घटणार आहे.

असा एखादा कागद हाती आला तर त्यावर काय वाचावयास मिळेल? परवाना कोणाला मिळाला, कोणत्या जंगलासाठी, कोणत्या मुदतीत, कोणत्या जातीची किती जनावरे मारण्याची मुभा होती. ही माहिती एकेका कागदावर क्षुल्लक दिसते. पण एका तालुक्याचे पन्नास वर्षांतील असे कागद ओळीने लावले तर त्या मुलखाच्या रानाचे चरित्र उभे राहील. ज्या जनावरावर परवाना मागण्यात येई ते तेथे असावे असे लोक समजत, आणि ज्यावर मागणे बंद झाले ते बहुधा दिसेनासे झाले, इतके अनुमान तरी त्यावरून निघते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी वाड्यावाड्यांतून जुनी दप्तरे धुंडाळली तेव्हा हिशेबाचे चिठोरे आणि रोजचे कागद यांना इतिहासाचे साधन म्हणून प्रतिष्ठा मिळाली. तीच दृष्टी येथे हवी. दुर्दैवाने महसुली तिकिटे जमविणाऱ्यांत जी प्रथा आढळते ती याच्या नेमकी उलट आहे. कागद पाण्यात भिजवावयाचा, तिकीट सोलून घ्यावयाचे आणि लगदा टाकून द्यावयाचा. टपालाच्या पाकिटाच्या बाबतीत ही प्रथा एक वेळ क्षम्य. परवान्याच्या बाबतीत ती पुस्तक फाडून मुखपृष्ठ जपण्यासारखी आहे. या छंदावर आमचा पहिला आक्षेप आहे तो हा.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. परवान्याचे कागद सगळे जमविले तरी शिकारीचा इतिहास अर्धाच हाती येईल. परवाना मिळे तो अंमलदारांना, साहेबांना, बंदूक बाळगण्याइतकी ऐपत आणि ओळख असणाऱ्यांना. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम भागात पिढ्यान्पिढ्या रानावर जगणारे महादेव कोळी आणि ठाकर यांच्याजवळ असा कागद कोठून असणार? जी शिकार साहेबाच्या बाबतीत कायद्याने खेळ ठरली तीच त्यांच्या बाबतीत गुन्हा ठरली. त्यांच्या आणि रानाच्या संबंधाची साधने वेगळीच आहेत. वाघबारशीला ज्याची पूजा होते तो वाघोबा, आहुप्यासारख्या गावाची देवराई, ही ती साधने होत. देवराईत कुऱ्हाड चालवावयाची नाही हा नियम कोणत्याही कचेरीने काढलेला नाही आणि त्यावर कोणतेही तिकीट लागलेले नाही; तरीही तो पुष्कळ काळ पाळला गेला. संग्राहकाच्या वहीत या मंडळींसाठी पान नाही. ते असू शकत नाही हे आम्हांस कबूल आहे, कारण जे कागदावर आलेच नाही ते चिकटविणार कसे? परंतु आपली वही म्हणजे संपूर्ण इतिहास नव्हे, एवढे भान संग्राहकाने ठेवले पाहिजे, आणि ते वहीत लिहून ठेवले पाहिजे.

यावर कोणी असे म्हणेल, की वधाच्या या खुणा जपाव्यातच कशाला? जे गेले ते बरे झाले. कागद जळून जावेत हेच उचित. या आक्षेपामागची करुणा आदरणीय आहे, पण निष्कर्ष आम्हांस पटत नाही. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा इतिहास पाहा. तिच्या आरंभीच्या सभासदांत शिकारी पुष्कळ होते. सालीम अली यांना पक्षीविद्येची गोडी लागली ती लहानपणी स्वतः मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीची जात विचारावयास ते त्या संस्थेत गेले म्हणून. त्यांनी आत्मचरित्राला नाव दिले तेही त्या चिमणीच्या पतनावरून. ती चिमणी त्यांनी लपविली असती तर आपण एका मोठ्या पक्षीशास्त्रज्ञाला मुकलो असतो. मराठी वाङ्मयातही हाच प्रवास दिसतो. व्यंकटेश माडगूळकर यांनी हाती बंदूक धरली होती, आणि १९८३ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळविणारी, वानरांच्या टोळ्यांवरील ‘सत्तांतर’ ही कादंबरीही त्यांचीच. शिकारकथेपासून अरण्यलेखनापर्यंतचा हा रस्ता आधीचा टप्पा पुसून आखता येत नाही. कातडे, शिंगे, नखे यांचा संग्रह ही गोष्ट वेगळी. तो कायद्याने नियंत्रित आहे आणि तसाच असला पाहिजे. कागदात प्राण्याचा अंश नसतो, असते ती माणसाची कबुली. आणि कबुलीचा कागद जाळणे हे प्रायश्चित्त नव्हे.

हा विषय आम्ही जुन्नरशी जोडला त्याचे खरे कारण मात्र आजचे आहे. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे झाली, कालवे आले, पाठोपाठ ऊस आला. आणि उसाच्या दाट आडोशाला बिबट्या वस्तीस आला. या शतकाच्या आरंभी जुन्नर वनविभागात माणसांवर हल्ले वाढले, बिबटे पकडून दूर सोडण्याचे प्रयोग झाले, आणि अशा स्थलांतराने संघर्ष कमी होत नाही, किंबहुना वाढू शकतो, असे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आले. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभे राहिले. तरीही २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच वनविभागातील शिरूर तालुक्यात, पिंपरखेडच्या परिसरात, थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन मुले आणि एक वृद्धा यांचा बळी गेला. लोक रस्त्यावर उतरले. आणि अखेर नेमबाज बोलावून एका बिबट्याला गोळी घालण्यात आली.

त्या गोळीमागेही एक परवाना असतो. कायद्याचे अकरावे कलम सांगते, की पहिल्या अनुसूचीतील प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला आहे, आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नाही, अशी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाली, तरच त्याने कारणे लेखी नमूद करून वधाची अनुज्ञा द्यावी. ज्याच्या कातड्यावर एके काळी बक्षीस होते, ज्याच्यासाठी पुढे फी भरून परवाना मिळे, त्याच्याच वधासाठी आता राज्याच्या मुख्य अधिकाऱ्याला कारणे लिहावी लागतात. त्या लेखी आदेशावर तिकीट नाही, चित्र नाही, फी नाही. परंतु बक्षिसाची नोंद, जुना परवाना आणि हा आदेश असे तीन कागद एका पानावर शेजारी ठेवले, तर शंभर-सव्वाशे वर्षांत माणसाच्या मनात काय बदलले हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा स्पष्ट दिसेल. संग्राहकाने असे पान लावले तर त्याचा छंद आमच्या मते विद्येच्या पंक्तीस बसेल.

बदक-तिकिटावरून आपल्याकडेही असे काही करावे, अशी सूचना उत्साही मंडळींकडून कधी ना कधी येणारच. भीमाशंकरच्या शेकरूचे चित्र घालून एखादे संवर्धन-तिकीट काढणे अवघड नाही, आणि ते खपेलही. तथापि बदक-तिकिटाची थोरवी चित्रात नाही, ती पैशाला नेमून दिलेल्या वाटेत आहे. कोणाकडून घ्यावयाचे आणि कशावर खर्च करावयाचे, हे तेथे कायद्याने बांधून टाकले आहे. तेथे पाखराची किंमत शिकारी भरतो. आपल्याकडे बिबट्याची किंमत आजपावेतो भरीत आला आहे तो रात्री पिकाला पाणी देण्यास जाणारा शेतकरी, उसाच्या फडात कोप घालून राहणारा तोडणी मजूर, आणि ज्याची शेळी गोठ्यातून गेली तो धनगर. शहरात बसून बिबट्याच्या चित्राचे कौतुक करणारा आपला सुशिक्षित वर्ग त्या किमतीत फारसा वाटेकरी नाही. तिकिटाचा पैसा या माणसांच्या गोठ्याच्या कुंपणापर्यंत आणि वस्तीवरच्या दिव्यापर्यंत पोचत असेल तर ते तिकीट अवश्य निघावे. तसे होणार नसेल तर ते वहीतील आणखी एक शोभेचे चित्र होईल, इतकेच.

एकंदरीत या छंदाविषयी आमचा अभिप्राय असा आहे. केवळ चित्रासाठी आणि कोरेपणासाठी शिकारीची तिकिटे जमविणे हा निरुपद्रवी, पण उथळ विरंगुळा आहे. अखंड कागद जपणे, त्यावरील स्थळ, काळ, जात आणि नाव वाचणे, जे कागदावर आले नाही त्याची टीप शेजारी लिहिणे, असे जो करील त्याच्या हातून मात्र एक दप्तर तयार होईल. आणि आपल्या रानांच्या इतिहासाला अशा दप्तराची गरज आहे. जुन्नर-आंबेगावच्या जुन्या वाड्यांतून, वकिलांच्या आणि पाटलांच्या घरांतून, असे कागद अद्याप कोठे कोठे पडलेले असण्याचा संभव आहे. दिवाळीच्या साफसफाईत एखादे जुने गाठोडे रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी घरातील जाणत्या माणसाने ते एकवार सोडून पाहावे, आणि त्यात शिकारपरवाना निघालाच तर तिकीट न सोलता, आहे तसा, एखाद्या संशोधन मंडळाच्या किंवा ग्रंथसंग्रहालयाच्या हवाली करावा.